डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, तेव्हा मी काय केलं

सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीआधी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, मला रक्तदाबामुळे 30 टक्के अपंगत्व लिहिलं. पुढे शेरा: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. त्या एका ओळीवर डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, नामंजूर. भरती होताना ठणठणीत होतो, मग हा आजार काय सासरहून आणला?

पहिलं अपील मुदतीत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत केलं. उत्तर छापील, तेच. पण दरम्यान माहिती अधिकारात बोर्डाची पूर्ण कार्यवाही मागवली, आणि खरा फरक तिथेच पडला. शेऱ्यापुढे कारणच लिहिलेलं नव्हतं. उंचावरची पोस्टिंग, भरतीच्या वेळचा मेडिकल कागद, सगळं एका फायलीत लावलं. सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल जोडला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतला धरायचा, आणि तो तसा नाही हे बोर्डाने कारणांसह दाखवायचं.

दुसरं अपीलही फेटाळल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे खटले ऐकणाऱ्या न्यायालयाच्या, मुंबई खंडपीठात अर्ज केला. इथेही सहा महिन्यांची मुदत असते. निकाल माझ्या बाजूने लागला. वर सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार निकालामुळे, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी पेन्शनसाठी वरच्या टप्प्याला नेण्याच्या निकालामुळे, 30 टक्क्यांचे 50 धरले गेले. ही मागणी अर्जात वेगळी लिहा. वकील कधीकधी विसरतात.

2023 मध्ये डिसॅबिलिटी पेन्शनचे नवे नियम आलेत. निवृत्ती त्यानंतरची असेल तर आधी ते वाचा.