डिझेल इंजिनचं ऑईल निवडताना या चुका टाळा: नुसतं ‘पंधरा-चाळीस’ म्हणून बादली उचलू नका

नाशिकचं द्वारका असो, आडगाव नाका असो की पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ, ऑईलच्या दुकानात गिऱ्हाईक बहुधा एवढंच म्हणतं: ‘पंधरा-चाळीस द्या.’ दुकानदार बादली काढतो, भावावर थोडी घासाघीस होते आणि व्यवहार संपतो. ते ऑईल कुठल्या इंजिनात जाणार, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. पूर्वी यावर भागत होतं, कारण पिकअप, ट्रक, ट्रॅक्टर सगळ्यांची इंजिनं साधारण एकाच घडणीची होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला आणि हा हिशेब मोडला. आज एकाच मळ्यात वीस वर्षांचा ट्रॅक्टर, बीएस-४ पिकअप आणि बीएस-६ एसयूव्ही शेजारी-शेजारी उभी असते, आणि तिघांच्या पोटात एकाच बादलीतलं ऑईल जातं. ऑईलच्या बाबतीतली सर्वांत महागडी चूक माझ्या मते हीच आहे.

जाडी वाचली, दर्जा वाचलाच नाही

बादलीवर दोन खुणा असतात. १५डब्ल्यू-४०, म्हणजे आपलं ‘पंधरा-चाळीस’, ही एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेची खूण फक्त जाडी सांगते, म्हणजे ऑईल थंड असताना आणि तापल्यावर किती सहज वाहतं ते. दुसरी खूण दर्जाची, ती एपीआय ही अमेरिकेची पेट्रोलियम संस्था ठरवते: एपीआय सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४ अशी. यातलं ‘सी’ डिझेल इंजिनांसाठी, ‘एस’ पेट्रोलसाठी. सीएच-४ हा दर्जा १९९८चा, सीआय-४ २००२चा, सीजे-४ २००६चा आणि सीके-४ २०१६चा. १५डब्ल्यू-४० मात्र या सगळ्या दर्जांत मिळतं. म्हणजे तीन बादल्यांवर जाडी तीच आणि आतला माल वेगळा, असं सहज होऊ शकतं.

फरक पडतो तो राखेमुळे. इंजिन स्वच्छ ठेवायला आणि आम्ल मारायला ऑईलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची रसायनं घातलेली असतात. थोडंफार ऑईल प्रत्येक इंजिन जाळतंच, आणि त्या धातूंची राख सायलेन्सरच्या वाटेला लागते. जुन्या गाडीत ती बाहेर पडायची. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये बहुधा डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. साठलेली काजळी हा फिल्टर मधूनमधून सहाशेच्या आसपास अंश तापमानाला जाळून टाकतो. राख जळत नाही. चुलीत लाकूड जळून जातं आणि राख काढावी लागते, तसंच. फरक इतकाच की डीपीएफमधली राख घरी काढता येत नाही, आणि नवा डीपीएफ म्हणजे मोठा खर्च.

सीआय-४ दर्जात राखेवर मर्यादाच नाही. सीजे-४ आणि सीके-४ मध्ये ती १ टक्क्याच्या आत ठेवावी लागते. डिझेल कार आणि एसयूव्हीसाठी कंपन्या अनेकदा युरोपच्या वाहन कंपन्यांच्या संघटनेचा, म्हणजे एसीईएचा, सी२ किंवा सी३ दर्जा मागतात, त्यात मर्यादा ०.८ टक्के. तेव्हा बीएस-६ गाडीत स्वस्तातली सीआय-४ ची बादली ओतली तर इंजिन लगेच तक्रार करणार नाही. तक्रार पुढे कधीतरी होईल: डीपीएफचा दिवा वारंवार लागेल, ॲव्हरेज पडेल, घाटात गाडी दम टाकेल. तोवर कारण काय होतं, हे कोणाच्या लक्षातही नसतं.

याच खुणांमध्ये एक फसवी जोडी आहे. पेट्रोल कारच्या ऑईलच्या डब्यावर ‘एसएन/सीएफ’ असं छापलेलं असतं. ‘सी’ दिसलं म्हणून काही जण ते पिकअपमध्ये टाकतात. सीएफ हा १९९४चा, जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनांचा दर्जा. एपीआयने तो केव्हाच बाद केला आहे. आजच्या कॉमनरेल टर्बो इंजिनाची काजळी पेलायची ताकद त्यात गृहीत धरलेली नाही.

दुकानात जायच्या आधी गाडीच्या पुस्तकातलं वंगणाचं पान उघडा, त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. जाडी आणि दर्जा, दोन्ही जुळले पाहिजेत. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते बहुतेक वेळा मिळतं.

‘इंजिन जुनं झालंय, जाड टाका’

हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. गाडी ऑईल खायला लागली, निळा धूर मारायला लागली, की २०डब्ल्यू-५० टाकायचं. काही दिवस धूर कमी होतो, हे खरं आहे. पण रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह सील कडक झाले असतील किंवा टर्बोचा सील गेला असेल, तर जाड ऑईल ते दुखणं झाकतं, बरं करत नाही. उलट सकाळी सेल मारल्यावर असं ऑईल वरच्या भागांपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचतं. इंजिन सुरू होतानाच त्याची झीज जास्त होते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला कोरडं चालावं लागतं. धूर निळा आहे की काळा, लोड घेतल्यावर येतो की उतारावर पाय सोडून पुन्हा दिल्यावर, हे आधी मिस्त्रींना नीट सांगा. उपाय त्यावर ठरतो.

याच्या उलट चूकही होते. ‘५डब्ल्यू-३० भारी असतं’ म्हणून जुन्या ट्रॅक्टरमध्ये पातळ सिंथेटिक टाकलं जातं. त्या इंजिनातल्या फटी जाड ऑईल धरून आखलेल्या असतात. गरम झाल्यावर प्रेशर पडलं तर महागडं सिंथेटिक असूनही उपयोग नाही.

थंडीचंही एक ऐकायला मिळतं. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कधीकधी ५ अंशांखाली उतरतो, मग आपल्याकडे खास थंडीचं ऑईल नको का? नको. १५डब्ल्यू ची सुरू होण्याची चाचणीच उणे २० अंशांवर होते. कंपनीने ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू सांगितलं असेल तर ते निफाडच्या थंडीसाठी नाही, त्या इंजिनातल्या बारीक वाटांसाठी आणि डिझेल बचतीसाठी सांगितलेलं असतं. पुस्तकात असेल तर तेच टाका.

काळं ऑईल आणि चढलेली पातळी

ऑईल बदलून चार दिवसांत काळं झालं म्हणून घाबरून पुन्हा बदलणारे आहेत. डिझेलमध्ये काजळी होणारच, आणि ती चिकटून बसू न देता अंगावर घेणं हे चांगल्या ऑईलचं कामच आहे. काळ्या रंगाची काळजी करू नका.

काळजी करा ती ऑईलची पातळी वाढली तर. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग ऑईल मोजायची काडी पुसून पाहा. ऑईल ‘मॅक्स’च्या वर चढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ही गंभीर खूण आहे. जुन्या इंजिनात पंपाचा सील किंवा गळका इंजेक्टर तपासावा लागतो. बीएस-६ गाडीत बऱ्याचदा कारण वेगळं असतं: डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि तेवढ्यात तुम्ही गाडी बंद करता. गंगापूर रोडवरून शाळा, शाळेतून कॉलेज रोड, तिथून घर, एवढंच रोजचं चालणं असेल तर सफाई पुरी होतच नाही आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, उतरतं. ऑईल पातळ होतं, बेअरिंगांना धोका होतो. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळायला लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. म्हणून डीपीएफचा दिवा लागला की गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर काढा आणि पुस्तकात सांगितलेल्या वेगाने न थांबता चालवा. पातळी आधीच वाढली असेल तर मात्र फिरवायला नेऊ नका, ऑईल बदला.

काडीवर दुधासारखा रंग दिसला तर पाणी मिसळतंय: हेड गॅसकेट किंवा ऑईल कूलर. गाडी चालवू नका. पावसाळ्यात फक्त झाकणाखाली पांढुरका थर आला आणि काडीवरचं ऑईल स्वच्छ असेल, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली ओल असते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत

द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर चालवणारा ट्रॅक्टर किलोमीटर फारसे करत नाही, पण पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, तासन्‌तास लोड ओढतो आणि धुळीत राहतो. म्हणून त्याचा हिशेब तासांवर करा. अनेक पुस्तकांत २५० तास लिहिलेले असतात. आपल्या मॉडेलचे किती ते बघा. छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या दिवसांत हे तास भराभर चढतात. कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहणं हेही कामाचेच तास.

जुन्या ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरच्या वाटीत ऑईल असतं, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वाटी मातीने भरली की धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. मग चेंबरमध्ये कितीही उंची ऑईल असो, बोअर झिजतो आणि वर्षभरात हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन-रिंगा-लायनर बदलायचं, काम निघतं. धुळीच्या दिवसांत ही वाटी वरचेवर उघडून धुवा आणि खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं.

आणखी एक. इंजिन ऑईल उरलं म्हणून हायड्रॉलिकमध्ये टाकू नका. ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला त्याचंच वेगळं ऑईल लागतं, नाहीतर ब्रेक आवाज करतात आणि पकड जाते.

टर्बो, फिल्टर, बादली

मुंबईकडून माल भरून कसारा घाट चढला, इगतपुरीला चहाला थांबलो आणि लगेच चावी काढली, असं करू नका. पूर्ण लोडवर छोट्या टर्बोची चाकं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. इंजिन बंद होताच तिथलं ऑईल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगवर करपून कडक होतं. मिनिट-दोन मिनिटं आयडलला ठेवा. ऑईलसोबत फिल्टर आणि चेंबरच्या नटचा वॉशर दर वेळी नवा घाला.

सुटं ऑईल घेऊ नका, कितीही ओळखीचं दुकान असो. बादलीचं सील, बॅच नंबर आणि तारीख बघा, पक्कं बिल घ्या. रिकामी बादली भंगारात देताना तिला मोठं भोक पाडा आणि स्टिकर फाडा, कारण बनावट ऑईल भरायला अशाच चांगल्या बादल्या हव्या असतात.

चुकीचं ऑईल पडलंच तर

टॉप-अप करताना लिटरभर दुसऱ्या कंपनीचं, पण डिझेलच्याच दर्जाचं ऑईल पडलं तर गाडी चालवा, पुढचं बदलणं थोडं अलीकडे आणा. डीपीएफच्या गाडीत पूर्ण सीआय-४ भरलं गेलं असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता ते बदलून योग्य दर्जाचं घाला. थोड्या दिवसांच्या राखेने फिल्टर जाणार नाही. पण इंजिनात गियर ऑईल, हायड्रॉलिक ऑईल किंवा युरिया (धूर साफ करायला गाडीच्या वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण, खत नव्हे) पडला, तर सेल मारू नका. गाडी ढकलून बाजूला घ्या, चेंबर पूर्ण रिकामं करा, फिल्टर काढून टाका. युरिया पडला असेल तर मिस्त्रींना तसं स्पष्ट सांगा, कारण तो पाण्यासारखा तळाशी बसतो आणि नुसतं ऑईल सोडून पूर्ण निघत नाही. आतून स्वच्छ झाल्याची खात्री त्यांनी केली की मगच नवं ऑईल आणि नवा फिल्टर घालून इंजिन सुरू करा.