फ्लो सायटोमेट्रीच्या डेटाला योग्य स्केल कसे द्यावे

फ्लो सायटोमेट्रीत रंगीत प्रकाशखुणा लावलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेतात आणि त्यांचा प्रकाश मोजतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) सारख्या संस्थांत शिकणारे अनेक विद्यार्थी यंत्रावरून एफसीएस फाइल (या मोजमापांची प्रमाणित फाइल) घेऊन थेट गेटिंगला, म्हणजे आलेखावर सीमा आखून पेशींचे समूह निवडायला, बसतात. त्याआधी स्केलचा निर्णय झाला पाहिजे, कारण गेट कुठे पडणार हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

पहिले काम कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे रंगांची एकमेकांत झालेली सरमिसळ वजा करण्याचे. एका रंगाचा प्रकाश दुसऱ्या डिटेक्टरमध्ये रेषीय प्रमाणात मिसळतो, म्हणून ती वजाबाकी मूळ मूल्यांवरच करावी आणि रूपांतर नंतर लावावे. या वजाबाकीनंतर निगेटिव्ह (तो रंग न लागलेल्या) पेशींपैकी बऱ्याच पेशींची मूल्ये शून्याखाली जातात. ऋण संख्येचा लॉग निघत नसल्याने साध्या लॉग स्केलवर त्या अक्षाला चिकटून बसतात आणि एकाच समूहाचे दोन समूह असल्याचा भास होतो.

यावर पार्क्स, रोडरर आणि मूर यांनी 2006 मध्ये मांडलेले लॉजिकल (Logicle) रूपांतर मला सर्वांत भरवशाचे वाटते. ते शून्याभोवती जवळजवळ रेषीय असते आणि पुढे लॉगसारखे होत जाते. 18 बिटांच्या यंत्रासाठी टी (स्केलचे कमाल मूल्य) 2,62,144, एम (स्केलची एकूण रुंदी, दहापटींच्या टप्प्यांत) 4.5 आणि ए (ऋण बाजूचे जादा टप्पे) शून्य ठेवावा. खरा विचार डब्ल्यूचा, म्हणजे शून्याभोवतीच्या रेषीय भागाच्या रुंदीचा, करावा लागतो: ऋण मूल्यांचा पाचवा शतमक (ज्याच्या खाली 5 टक्के मूल्ये असतात) घ्यावा, टीला त्याच्या निरपेक्ष मूल्याने भागून 10 च्या पायाचा लॉग काढावा, तो एममधून वजा करावा आणि उत्तर निम्मे करावे. शतमक उणे 262 च्या आसपास असेल, तर डब्ल्यू सुमारे 0.75 येतो. डब्ल्यू फार लहान ठेवला तर निगेटिव्ह शिखर शून्यापाशी दुभंगते. फार मोठा ठेवला तर मंद पॉझिटिव्ह पेशी निगेटिव्हमध्ये मिसळतात.

लॉजिकलऐवजी आर्कसिंच (arcsinh) हे रूपांतर वापरायचे असल्यास फ्लुओरेसन्ससाठी कोफॅक्टर (मूल्याला आधी ज्याने भागतात ती संख्या) साधारण 150 आणि मास सायटोमेट्रीसाठी (रंगांऐवजी धातूंच्या खुणा वापरणारी पद्धत) 5 घेतात. मात्र 'आर' या संगणकभाषेतील फ्लोकोअर पॅकेजच्या आर्कसिंच फंक्शनमध्ये ए (मूल्यात मिळवायची संख्या; लॉजिकलमधील ए वेगळा) आणि बी (मूल्याला गुणायची संख्या) दोन्ही मुळात 1 असतात, म्हणून ए शून्य आणि बी 1/150 असे स्वतः लिहावे लागते. तसे न केल्यास शून्याभोवतीचा गोंगाट विनाकारण ताणला जातो.

फॉरवर्ड व साइड स्कॅटर (पेशीवरून पुढे व बाजूला विखुरलेला प्रकाश) सहसा रेषीयच ठेवावेत. वेळेच्या स्तंभाला तर हात लावू नये. एका प्रयोगातील सर्व नमुन्यांना, कंट्रोलसह, प्रत्येक चॅनेलपुरते तेच पॅरामीटर लावावेत. प्रत्येक फाइलचा डब्ल्यू वेगळा काढला, तर एकच गेट सगळीकडे नेता येत नाही. अहवालात सरासरीऐवजी मूळ स्केलवरील मीडियन द्यावे आणि रूपांतराचे नाव व पॅरामीटर पद्धतीच्या भागात नोंदवावेत.