सहजीवन ओळखताना या चुका टाळा

फांदीवर ऑर्किड दिसलं की 'बांडगूळ आहे, काढून टाका' म्हणणारं कोणी ना कोणी भेटतंच. असं उपटून फेकलेलं ऑर्किड पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण त्याने झाडाचं काहीच ओरबाडलेलं नसतं. त्याची जाडसर, पांढुरकी मुळं सालीला वरूनच धरून असतात. त्यांवर पाणी पडलं की ती हिरवट दिसू लागतात. पावसाचं पाणी ती अशीच टिपून घेतात. खरं बांडगूळ ओळखायचं तर जोड पाहा. तिथे फांदी बहुधा गाठीसारखी फुगलेली असते आणि बांडगूळ सालीखाली शिरून लाकडातलं पाणी आणि क्षार ओढत असतं. पण त्याची पानं हिरवी असतात, त्यामुळे अन्न ते स्वतःही तयार करतं. शिवाय त्याची फळं खाणारे पक्षी चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पोचवतात. झाडाशी वैर आणि पक्ष्याशी देवाणघेवाण, एकाच वेळी! म्हणून निरीक्षणाच्या वहीत नुसतं 'परजीवी' लिहू नका, कोणाचा तेही लिहा.

सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा, हेही आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन डी बॅरी यांनी १८७९ मध्ये या संकल्पनेची व्याख्या केली, तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र जगणं एवढाच अर्थ धरला होता. परजीवीही त्यात येत होते. आज दोन्ही अर्थ चालतात. आपण कोणता घेतोय ते आधी सांगितलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऐकीव जोड्यांमुळे. मगरीच्या जबड्यात शिरून दात साफ करणारा पक्षी प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या काळापासून सांगितला जातो, पण त्याचा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. ऑक्सपेकरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. हा आफ्रिकेतला पक्षी जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी खातो, हे खरंच आहे. झिम्बाब्वेमध्ये बैलांच्या एका गटापासून हे पक्षी दूर ठेवून पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षी नसतानाही गोचिडींच्या संख्येत लक्षणीय फरक पडला नाही, उलट जखमा लवकर भरल्या. पक्षी जखमा चोचीने उकरून रक्तही पीत होते. मग तो लबाडच म्हणायचा का? तेही घाईचं होईल. काळ्या गेंड्याच्या पाठीवरचा ऑक्सपेकर माणूस जवळ आला की ओरडतो, आणि नजर अधू असलेला गेंडा सावध होतो. कोण काय खातं एवढ्यावर थांबू नका. जोडीदार नसता तर दुसऱ्याचं काय झालं असतं, हा प्रश्न विचारा.

सोयाबीनचं रोप उपटून मुळांवरच्या गाठी मोजायच्या आणि 'भरपूर आहेत, म्हणजे नत्र मिळतंय' म्हणायचं, हीसुद्धा नेहमीची चूक. गाठ नखाने फोडून आत पाहा. गुलाबी-लालसर दिसली तर हवेतलं नत्र रोपाला मिळवून देणारे आतले रायझोबियम जिवाणू कामाला लागलेले आहेत. तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. पांढरी किंवा हिरवट दिसली तर काम चाललेलं नाही. मात्र अगदी कोवळी गाठही पांढरीच असते, त्यामुळे फुलोऱ्याच्या सुमारास पाहिलेलं बरं. जमिनीत नत्र आधीच मुबलक असेल तर रोप गाठी कमी धरतं, कारण जिवाणूंना पोसायला साखर खर्च होते. कामचुकार जिवाणूंना ते फार लाडावतही नाही. २००३ मधल्या एका प्रयोगात हवेतलं नत्र काढून जिवाणूंचं काम बंद पाडलं, तर त्यांची वाढ जवळपास निम्म्यावर आली.

नातं एकदा जुळलं की कायमचं, असं धरून चालू नका. केनियातल्या एका जातीच्या बाभळीवर मुंग्या राहतात, झाड त्यांना पोकळ काटे आणि मधुरस देतं, त्या बदल्यात मुंग्या हत्ती-जिराफांना चावून पिटाळतात. कुंपण घालून हे मोठे प्राणी दहा वर्षं दूर ठेवले. झाडांनी मधुरस आणि पोकळ काटे कमी केले, राखणदार मुंग्या घटल्या. झाडं फोफावतील असं वाटलं होतं, पण खोड पोखरणारे भुंगेरे वाढले आणि झाडं जास्त मरू लागली.

शेवटची गफलत प्रवाळ या समुद्री प्राण्यांबाबत होते. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलं असं समजून लोक मोकळे होतात. पाणी तापलं की त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. जवळून पाहिलं तर सोंडेसारखे बारीक अवयव हलताना दिसू शकतात. सांगाड्यावर शेवाळाचा लवेसारखा थर चढलेला असेल तर तो भाग मेलेला समजावा. तोवर पाणी वेळेत निवलं, तर शैवाल परत येऊन प्रवाळ पुन्हा रंग धरू शकतं.