भंडारा-गोंदियाहून तीर्थनकाठी : ट्राउटच्या सहलीची आखणी

ज्यांचा गळ आजवर मालगुजारी तलावांत आणि वैनगंगेच्या डोहांत पडत आला आहे, त्यांना पहाडी नदीवर फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे पीस-धाग्याच्या नकली माशीने मासे धरायला, जायचे असेल, तर आधी महिना ठरवावा. मुक्काम आणि सामान यांचा विचार त्यानंतर करावा. ट्राउट हा थंड, स्वच्छ आणि खळाळत्या पाण्यातला मासा असल्यामुळे आपल्याकडील तापत्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. ब्रिटिश काळात, १९०९च्या सुमारास, तो हिमाचलातील कुल्लू भागात आणून सोडण्यात आला आणि तेथील तीर्थन नदीत चांगला रुजला.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ असल्याने मासेमारी बंद असते. मार्चमध्ये ती खुली होते, पण जुलै-ऑगस्टच्या पावसात नदी गढूळ आणि धोकादायक होते, त्यामुळे ते दोन महिने सोडूनच द्यावेत. मुलांच्या सुट्या पाहून अनेकांना मे सोयीचा वाटतो. मात्र उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढते, तेव्हा त्या दिवसांत सकाळचीच वेळ धरावी. माझ्या मते धानवाल्या शेतकऱ्याला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत सोयीचा, कारण पाणी नितळ झालेले असते आणि भारी धान अजून कापणीला आलेले नसते.

गोंदिया, भंडारा रोड आणि नागपूरवरून जाणाऱ्या छत्तीसगड एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरावे, तेथून चंदीगड गाठून कुल्लू-मनालीच्या बसने औटपर्यंत जावे आणि पुढे बंजारमार्गे तीर्थनकाठच्या गुशैणी गावी पोहोचावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. गुशैणी सुमारे दीड हजार मीटर उंचीवर असल्याने ऑक्टोबरातही स्वेटर लागतो.

खरी तयारी घरीच करायची असते. आपल्या नेहमीच्या गळाला शिसे असते आणि त्याच्या वजनाने दोर दूर जातो. येथे आकड्यावर पीस आणि धागा गुंडाळून केलेल्या माशीला जवळजवळ वजनच नसते, म्हणून जाड लाइन फेकावी लागते आणि माशी तिच्यामागून जाते. नऊ फुटांचा पाच क्रमांकाचा रॉड, तरंगणारी लाइन, लाइन आणि माशी यांना जोडणारा नऊ फुटांचा निमुळता बारीक धागा (लीडर) आणि १२ ते १६ क्रमांकाच्या काही माश्या एवढे नवशिक्याला पुरते. त्यांत पाण्याखाली वाहणाऱ्या माश्या (निम्फ) जास्त घ्याव्यात, कारण ट्राउट बरेचसे खाणे पाण्याखालीच टिपतो. माशीऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर किंवा शाळेच्या मैदानात महिनाभर रोज थोडा सराव करावा. मनगट फार मोडू देऊ नये आणि मागे गेलेली लाइन सरळ होईपर्यंत थांबावे. घाई केली की बैल हाकताना कोरडा वाजतो तसा फटकारा ऐकू येतो, आणि नदीवर तोच फटकारा माशी तोडून टाकतो. पाहणारे हसतील, त्यांना हसू द्यावे.

नदीवर ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा मोठ्या दगडाच्या आडोशाला, वाहून येणाऱ्या किड्यांची वाट पाहतो. म्हणून खालच्या अंगाने, वाकून, आपली सावली पाण्यावर पडू न देता जावे आणि माशी त्याच्या वरच्या बाजूला टाकून प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी. लाइनच्या ओढीने ती घसटत गेली, तर मासा तिच्याकडे फिरकत नाही. गोटे शेवाळलेले असतात, त्यामुळे हातात काठी ठेवावी आणि गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात उतरू नये, मग तलावात पोहणारा कितीही पट्टीचा असो.

परवाना मत्स्य विभागाकडून काढावा आणि किती व केवढे मासे ठेवता येतात, हे तेथेच विचारून घ्यावे. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत रॉड बाहेर काढू नये. आकड्याचा काटा पकडीने चेपून घेतल्यास लहान मासा ओल्या हाताने, इजा न होता सोडता येतो. नियमात बसणारा एखादा ठेवलाच, तर मुक्कामाच्या घरीच शिजवून घ्यावा. बर्फात घालून गोंदियापर्यंत आणण्याचा हट्ट डब्यातल्या सहप्रवाशांना मानवणार नाही.