जुन्या एमजीच्या पार्टचा धंदा वाढवायचा कसा

सुरुवातीला एकच गाडी धरा. "सर्व क्लासिक स्पोर्ट्स कारचे पार्ट मिळतील" अशी पाटी लावून जग्वार, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, एमजी असं सगळ्यांचं थोडं थोडं ठेवलं, तर गोदाम भरतं, भांडवल अडकतं, आणि गिऱ्हाईक मागेल ती वस्तू नेमकी नसते. मी एमजी या जुन्या ब्रिटिश कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार धरली. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये 5 लाखांहून जास्त एमजीबी बनल्या आणि त्यातल्या कितीतरी अमेरिकेला गेल्या. गाडी साधी आहे. शनिवार-रविवारी आपल्या शेडमध्ये मालक स्वतःच ती खोलतो. दुर्मीळ गाडीच्या पार्टला भाव चांगला मिळतो खरा, पण तो पार्ट मागणारा माणूस वर्षातून एखादा येतो. धंद्याला रोज वाजणारा फोन लागतो.

मी मूळची कोल्हापूरची. पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. लग्नानंतर इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीला आले, एमजीच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर काम धरलं, आणि मालक निवृत्त झाले तेव्हा रॅकसकट माल मीच घेतला. भाचे-पुतणे आणि त्यांचे मित्र विचारतात, "काकू, आम्हालाही यात उतरायचंय, काय करू?" त्यांना सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

या धंद्यात सगळ्यात मोठं झालेलं नाव पाहायचं तर अमेरिकेतल्या मॉस मोटर्सकडे पाहा. ॲल मॉस यांनी 1948 मध्ये लॉस एंजेलिसला छोटं गॅरेज काढलं. गिऱ्हाइकं मुख्यतः एमजीचीच टीसी ही गाडी असलेली. दुरुस्ती करता करता पार्ट पुरवणं हाच मुख्य धंदा झाला, आणि तो वाढला कॅटलॉगवर. टीसीसारख्या गाडीला माहितीची गरज का पडते ते ऐका. तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टांची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. एमजीला इंजिनं देणाऱ्या मॉरिस कंपनीने कव्हेंट्रीतला इंजिनांचा कारखाना हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला होता, तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती. पाना बसतो म्हणून कोणी व्हिटवर्थचा बोल्ट पिळला तर ब्लॉकचे आटे गेलेच. असा बोल्ट लोक ओळखीच्या, जाणत्या दुकानातूनच घेतात, चार पैसे जास्त देऊन.

वर्ष विचारू नका, नंबर विचारा

फोनवर गिऱ्हाईक सांगतं, "सदुसष्टची एमजीबी आहे." एवढ्यावर काहीही पाठवू नका. 1964 च्या अखेरीस इंजिनाचा क्रँकशाफ्ट तीन मेन बेअरिंगचा पाच बेअरिंगचा झाला. 1967 च्या अखेरीस गिअरबॉक्स बदलला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, बॅटरीचं अर्थिंग पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं. 1974 मध्ये क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढली. पुढे अमेरिकेच्या गाड्यांना दोन एसयू कार्बोरेटरऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग लावला. त्यात नोंदणीचं वर्ष वेगळं आणि कारखान्यातून निघाल्याचं वेगळं. शिवाय पन्नास वर्षांत आधीच्या मालकांनी इंजिन, ॲक्सल काय काय बदललं असेल ते वेगळंच.

म्हणून आधी चॅसी नंबर, मग इंजिन नंबर, मग डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी: बंपर कसला? तारांची चाकं आहेत का? डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) अंगावर 25डी लिहिलंय की 45डी? ही उत्तरं त्या गाडीच्या कार्डावर लिहा. कारखान्यात मी प्रत्येक खणाला बिन कार्ड लावायचे, तसंच इथे प्रत्येक गाडीला कार्ड आहे. पुढच्या वेळी त्याच माणसाने फक्त नाव सांगितलं तरी योग्य ब्रेक सिलिंडर निघतो. चुकीचा पार्ट परत आला की जाण्या-येण्याचं टपाल, पुन्हा पॅकिंग आणि गिऱ्हाइकाचा वाया गेलेला रविवार, सगळं आपल्या नावावर पडतं.

काय भरायचं

चमकणारा माल शेवटी भरा. लाकडी स्टिअरिंग, बॅज, क्रोमचे आरसे यांची विक्री हौसेवर चालते. झिजणारा माल कधीच संपू देऊ नका: ब्रेकचे होस, व्हील सिलिंडर, किंगपिन, बुश, वॉटर पंप, पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट. इथे एप्रिलमध्ये ऊन पडलं की गाड्या शेडबाहेर निघतात आणि त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. तो माल फेब्रुवारीतच रॅकवर हवा.

दोन नियमांमुळे मागणी बदलली. 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे फुगलेला ब्रेक होस दाखवून देणारा तपासनीस गेला. मी होस विकताना मालकाला चारही चाकांशी काय पाहायचं ते सांगतेच, त्यात विक्रीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे. दुसरं म्हणजे 2021 च्या सप्टेंबरपासून नेहमीच्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, पाइप मऊ पडतो, तडकतो, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. इंधनाचा पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर9 प्रतीचाच ठेवा, स्वस्तातला ठेवूच नका. भारतात तर आता 20 टक्के इथेनॉल आहे, तिथल्या जुन्या गाडीवाल्यांनाही हेच लागू.

रोटर चिरून पाहा

या धंद्याचं नाव रोटर आर्मसारख्या वस्तूवर टिकतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली फिरणारा हा छोटासा तुकडा, किंमत काही पौंड. त्याची पितळी पट्टी प्लास्टिकला रिव्हेटने धरलेली असते. निकृष्ट मालात रिव्हेटचं खालचं टोक शाफ्टच्या फार जवळ येतं आणि प्लास्टिकही हलकं असतं. गाडी तापली की ठिणगी प्लगकडे न जाता प्लास्टिक भेदून शाफ्टमध्ये उतरते, आणि मोटरवेवर इंजिन एकदम बंद पडतं. गार झाल्यावर कधी पुन्हा चालूही होतं. मालक बिचारा पेट्रोल पंप बदलतो, कॉइल बदलतो, कार्बोरेटर खोलतो; नवाच घातलेला रोटर खराब असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

म्हणून नवी बॅच आली की त्यातला एक रोटर मी शिकंज्यात धरून करवतीने उभा चिरते. रिव्हेटचं टोक आणि शाफ्टचं भोक यांच्यामध्ये किती प्लास्टिक उरलंय ते उघड्यावर दिसतं. पातळ दिसलं की अख्खी बॅच परत. रिव्हेट नसलेले रोटर मिळतात, ते महाग पडतात, मी तेच पुढे करते. रबराचंही तसंच. बुशचा कडकपणा शोअर मापकाने मोजते, शिवाय एक बुश खिडकीत उन्हाला ठेवते. महिन्याभरात भेगा पडल्या तर तो पुरवठादार बाद. परीक्षेला गेलेला हा माल खर्चात धरा आणि किमतीत घाला. "तुमचा थोडा महाग आहे, पण टिकतो" असं गिऱ्हाइकाने क्लबात चार जणांना सांगणं हीच इथली जाहिरात. एमजी कार क्लब 1930 पासून आहे, आणि तिथले सभासद एकमेकांचं ऐकतात.

जुना द्या, नवा न्या

काही पार्ट नव्याने बनवण्यापेक्षा जुनेच दुरुस्त करून विकणं बरं: लिव्हरवाले शॉक ॲब्सॉर्बर, स्टार्टर, ब्रेक कॅलिपर. यात जुना पार्टच आपला कच्चा माल. गिऱ्हाइकाकडून अनामत घ्या आणि ती इतकी ठेवा की जुना पार्ट त्याच्या शेडमध्ये पडून राहणार नाही. आलेल्या पार्टला त्याच दिवशी चिठ्ठी बांधा. तडकलेला पार्ट घेऊ नका.

माल बनवून घेताना

माझ्या काउंटरवर "नाही"ची वही आहे. मागितलेला जो पार्ट आपल्याकडे नाही आणि बाजारातही नाही, त्याचा नंबर त्यात जातो. एकच नंबर पुन्हा पुन्हा दिसू लागला की तो बनवून घ्यायचा विचार करा. जे कोणी चांगलं बनवतंय त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यांचा माल विका. 1975 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साचे वापरून 1988 पासून एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. एसयू कार्बोरेटर आजही सॉल्झबरीत नवे बनतात.

ओतकामाला मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीकडे वळले. तिथल्या फाउंड्रीवाल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, एवढ्याशा नगांसाठी भट्टी कशी लावायची?" उपाय हा: आणखी दोन-तीन दुकानदारांना सोबत घ्या, कास्टिंग एकदमच ओतून घ्या, आणि मशिनिंग लागेल तसं करा. बीड (ओतीव लोखंड) गंजू नये म्हणून तेल लावून ठेवलं की वर्षानुवर्षं राहतं.

जुना पार्टच साचा म्हणून वाळूत दाबू देऊ नका. बीड थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं. 300 मिलिमीटरचा मॅनिफोल्ड 3 मिलिमीटर आखूड निघतो आणि हेडच्या स्टडवर बसतच नाही. त्यात जुना पार्ट आधीच झिजलेला, म्हणजे झीजही नव्या मालात उतरते. शक्यतो न वापरलेला, मूळ खोक्यातला पार्ट मिळवा आणि त्याच्यावरून ड्रॉइंग करा. आकसण्याची आणि मशिनिंगची जागा पॅटर्नवाला, म्हणजे ओतकामाचा नमुना बनवणारा, ठेवतो. असा मूळ पार्ट कितीही किंमत आली तरी विकू नका.

भारतात या इंजिनाची जाण आहेच. ॲम्बेसिडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीजचं, एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीमध्येही तेच घराणं, आणि एमजीबीचं 1798 सीसी त्याचाच मोठा भाऊ. मात्र "ॲम्बीचा पार्ट बसेल" यावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावूनच घ्या. आणि एमजीचं अष्टकोनी चिन्ह हा ट्रेडमार्क आहे, परवान्याशिवाय ते कशावरही ओतू नका.

परदेशी पार्सल

गाडीचे बहुतेक पार्ट जकातीच्या 8708 या शीर्षकाखाली येतात, पण रबर, बोल्ट, विजेचे पार्ट यांची शीर्षकं वेगळी. कोल्हापुरात ओतलेला नग कव्हेंट्रीहून पाठवला म्हणून ब्रिटिश होत नाही. कागदावर मूळ देश भारतच लिहा. ब्रिटन युरोपीय बाजारातून बाहेर पडल्यापासून जर्मन गिऱ्हाइकाला याच एका ओळीमुळे जकात बसते किंवा माफ होते. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद केली. तिकडच्या गिऱ्हाइकाला दारात किती भरावं लागेल ते ऑर्डर घेतानाच सांगा, नाहीतर पार्सल नाकारलं जातं आणि परतीचं भाडं तुमच्यावर येतं.

दुसरी गाडी कधी

पहिल्या गाडीचे झिजणारे पार्ट सगळे रॅकवर असले आणि "नाही"ची वही रोडावली की दुसरी गाडी घ्या, पहिलीशी पार्ट जुळणारी. मी एमजीचीच छोटी मिजेट घेतली. ऑस्टिन-हीली स्प्राइट ही जवळपास तीच गाडी, त्यामुळे एका मालावर दोन गिऱ्हाइकं आली. 1974 च्या अखेरीपासून मिजेटला ट्रायम्फचं 1493 सीसी इंजिन बसवलं, ते ट्रायम्फच्याच स्पिटफायर गाडीमध्येही आहे. म्हणजे स्पिटफायरचं दार आपोआप उघडलं. या इंजिनाचा माल एकाच खणात ठेवा आणि कार्डावर दोन्ही गाड्यांचे पार्ट नंबर लिहा, नाहीतर तीच गॅस्केट दोन नावांनी दोनदा मागवाल.