मेसेज पाठवला की ट्रॅकर रीस्टार्ट!

नदीबरोबर वाहत जाऊन जीपीएसने जागा कळवणारा डबा बनवला. टेबलावर पॉवर सप्लाय लावून झकास चालला. बॅटरीवर मात्र मेसेज पाठवायची वेळ आली की बोर्ड रीस्टार्ट. दोन संध्याकाळी कोड उकरत बसलो, उगाचच. सिम८००एल मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कवरून मेसेज पाठवणारा छोटा भाग) मेसेज पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं, आणि माझ्या केसासारख्या बारीक वायरींत व्होल्टेज मॉड्यूलला किमान लागणाऱ्या ३.४ व्होल्टच्या खाली कोसळत होतं. जाड, आखूड वायरी टाकल्या, मॉड्यूलच्या पायांशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून गरजेच्या क्षणी देणारा भाग) डकवला. रीस्टार्ट बंद.

मग पाण्यात डबा कलंडला, अँटेना खाली गेला, सिग्नल गायब! बॅटरी तळाशी चिकटवली, अँटेना प्लास्टिकच्या झाकणाखाली आकाशाकडे तोंड करून. आता ढकलला तरी डुलत डुलत उभा राहतो.