'आर्मर्ड कोअर ६'मध्ये एसी बांधताना आधी पाय बघा

असेंब्ली, म्हणजे भाग जुळवायचा मेनू, उघडली की बोट आपोआप बंदुकांकडे जातं आणि तिथेच गडबड होते. फ्रॉम सॉफ्टवेअरच्या या २०२३ च्या गेममध्ये एसीचा, म्हणजे आपल्या रोबोचा, सगळा हिशेब दोन आकड्यांवर चालतो. पाय किती वजन पेलतात आणि जनरेटर किती वीज देतो. हे दोन ठरले की कुठल्या बंदुका परवडतात ते आपसूक कळतं.

पायांचे प्रकार चार. साधे दोन पाय सगळ्याला चालतात. उलट्या गुडघ्यांचे पाय उंच उडी मारतात, चार पायांचा एसी हवेत तरंगत राहतो आणि चौथा टँक, म्हणजे रणगाड्यासारखा. खांद्यावर ग्रेनेडची अवजड तोफ हवी असेल तर शेवटच्या दोनपैकीच एक घ्या. बाकीचे दोन ती तोफ डागताना जागच्या जागी थांबतात आणि नेमके तेव्हाच मार खातात. टँकला बूस्टर, म्हणजे एसीला झेप देणारं इंजिन, अंगचाच असतो, त्यामुळे बूस्टरचा रकाना बंद दिसला तर तो बिघाड नाही.

आता दोन हातांत आणि दोन खांद्यांवर शस्त्रं लावा. जे वजन उरेल त्यात डोकं, धड आणि हात बसवा. इथे बहुतेक जण नुसता एपी, म्हणजे जीव किती हा आकडा, बघून भाग निवडतात, पण त्याहून मोलाचा आकडा म्हणजे धक्का सोसायची क्षमता. मार बसत गेला की धक्क्याची पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की एसी स्टॅगर होतो, म्हणजे लटपटतो, आणि तेवढ्या वेळात बसणारा प्रत्येक घाव जास्त लागतो. ही क्षमता डोकं, धड आणि पाय देतात, हात देत नाहीत. तेव्हा वजन वाचवायचंच असेल तर ते हातांत वाचवा. फक्त हातांची स्वतःची वेगळी भारमर्यादा असते, ती सांभाळा. ब्लेड वापरणार असाल तर हातांचा मेलीचा, म्हणजे जवळून वार करण्याचा, आकडा बघा, बंदुका असतील तर रिकॉइलचा, म्हणजे बंदुकीचा झटका सावरण्याचा.

जनरेटरचा आकडा जसाच्या तसा धरू नका, कारण धड त्याला टक्केवारीने गुणतं. समजा जनरेटर ३००० देतो आणि धडाची टक्केवारी १०५ आहे, तर हातात येतात ३१५०. भागांची एकूण मागणी याच्या वर गेली की गेम एसीला बाहेर सोडतच नाही. पण मागणी ३१४० वर आणून बसवली म्हणजे जमलं असंही नाही. शिल्लक जितकी कमी तितकी खर्च झालेली ईएन पट्टी, म्हणजे ऊर्जेची पट्टी, हळू भरते आणि ऐन लढाईत बूस्ट दाबला तरी काही होत नाही. थोडी शिल्लक ठेवाच. साध्या जनरेटरवर पट्टी शून्यावर नेऊ नका, ती पुन्हा भरायला लागेपर्यंत जीव टांगणीला लागतो. कोरल प्रकारच्या जनरेटरचं गणित उलटं आहे. तो पूर्ण रिकामा केला तर एकदम मोठा साठा परत देतो, म्हणून तो मुद्दाम संपवून वापरतात.

वजन मर्यादेत आहे, तरी क्विक बूस्ट, म्हणजे झटकन मारायची झेप, सुस्त वाटतोय? बूस्टरचे तपशील उघडा. प्रत्येक बूस्टरला एक आदर्श वजन दिलेलं असतं. एसी त्यापेक्षा जड झाला की दोन क्विक बूस्टमधलं अंतर वाढतं.

एफसीएस, म्हणजे नेम धरणारी यंत्रणा, निवडताना अंतराचे तीन पट्टे लक्षात ठेवा: १३० मीटरच्या आत, १३० ते २६०, आणि त्यापुढे. शॉटगन आणि ब्लेड घेऊन लांब पल्ल्याचा एफसीएस लावणं म्हणजे हातचा नेम घालवणं. क्षेपणास्त्रांवर भिस्त असेल तर लॉकचे, म्हणजे लक्ष्य पकडण्याचे, आकडे वेगळे तपासा.

शस्त्रांत कामं वाटून द्या. काही शत्रूची धक्क्याची पट्टी भरायला, एखादं स्टॅगरमध्ये हाणायला. सुरुवातीला मिळणाऱ्या 'लोडर ४' या एसीमध्ये हीच वाटणी आहे: रायफल आणि क्षेपणास्त्रांनी पट्टी भरायची, मग पल्स ब्लेड. पहिल्या प्रकरणातल्या बॅल्टियस या बॉसभोवती पल्सचं कवच असतं. ते साध्या गोळ्यांनी सावकाश उतरतं, पल्स गनने झटपट. मात्र पल्स गन तापते. ट्रिगर दाबून धरू नका, उष्णतेची पट्टी भरायच्या आत सोडा.

मिशनमध्ये हरलात तर चेकपॉइंटवरून पुन्हा उतरण्याआधी असेंब्ली बदलता येते, पण दुकान उघडत नाही, जवळ आहेत तेवढेच भाग. म्हणून निघण्यापूर्वीच एखादी पर्यायी बंदूक घेऊन ठेवा. भाग विकला की खरेदीची पूर्ण किंमत परत मिळते, त्यामुळे कंजूषपणा नको. घ्या, एसी टेस्टमध्ये चालवा, पटलं नाही तर विका.

रंग शेवटी. प्रत्येक भागाला मुख्य, दुय्यम असे रंगांचे अनेक रकाने असतात. आधी सगळ्या भागांना एकच छटा द्या, मग एकेक भाग वेगळा करा, नाहीतर खांदा एका छटेचा आणि कोपर दुसऱ्या असं होतं. रंगाची झीज थोडीच ठेवा, जास्त झाली की डिकल, म्हणजे चिकटवलेली चित्रं, दिसत नाहीत. आवडलेला एसी किंवा चिन्ह शेअर आयडीने उतरवता येतं, पण त्याच प्लॅटफॉर्मवरचं. पीसीवरचा आयडी प्लेस्टेशनवर चालत नाही.